आबासरांचं आभाळ

मी आज जो काही आहे तो आबासरांमुळे. हे वाक्य मी माझ्या सत्कारात म्हटलं आहे, लग्नात म्हटलं आहे, वास्तुशांतीला आलेल्या माणसांसमोर म्हटलं आहे. मी विसरलो तर दुसरं कोणीतरी आठवण करून देतं. ते होते म्हणून तू झालास. वाक्य खरं आहे. खोटं असतं तर मला त्यांचा इतका राग आला नसता.

आबासर पारोळ्याच्या शाळेत आम्हाला भूगोल शिकवायचे. उंच, काटक, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या पोरानंही पाठ ताठ करावी. मी दहावीत असतानाच ते निवृत्त झाले आणि जळगावला मेहरूणमध्ये घर बांधून राहिले. आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, पण रोज सकाळी तलावाला फेरी मारतात, आणि जे लोक उलट्या दिशेनं फिरतात त्यांना थांबवून सरळ करतात. तळ्याला उलटी आणि सुलटी बाजू असते हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नाही. तरी लोक वळतात. निम्मे त्यांचे जुने विद्यार्थी असतात, उरलेल्यांना वाद घालायचा कंटाळा असतो.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं: "विचारून कोणाचं भलं झालेलं नाही." वर्गात ते कोणत्याही प्रसंगावर लागू करायचे. धरण बांधताना, रस्ता काढताना, पोराला औषध पाजताना. विचारलं की माणूस नाही म्हणतो, आणि नाही म्हटलं की भलं राहून जातं, असा त्यांचा हिशोब.

हॉटेलात गेलं की आपण काय खाणार हे ते सांगायचे. वेटरनं आपल्याकडे पाहिलं तर त्यालाही बोलणी बसायची. सावद्याचा एक विद्यार्थी दरवर्षी त्यांना केळीचा घड पाठवतो. आलेल्या प्रत्येकाला केळं मिळतं आणि प्रत्येकजण ते देठाकडून सोलायला जातो. आबासर ते हातातून काढून घेतात, टोकाकडून सोलतात आणि परत देतात. एकदा त्यांचा एक विद्यार्थी मोठा अधिकारी होऊन, दारात सरकारी गाडी उभी करून भेटायला आला होता. त्याच्याही हातातून केळं काढून घेतलं. तो बिचारा पोरासारखा हात पुढे करून बसून राहिला. आम्ही हे सगळं हसत हसत सांगतो. मीही सांगत आलो. काकू, म्हणजे त्यांची बायको, होत्या तेव्हा एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाल्या होत्या की लग्नानंतर त्यांनी एकही साडी स्वतः निवडली नाही. त्याही हसतच म्हणाल्या. आता ते हसणं मला आठवतं आणि हसू येत नाही.

माझे वडील पारोळ्याजवळ एका मळ्यावर सालदार होते. वर्षाच्या करारानं राबायचं आणि मालकाच्या शेडमध्ये राहायचं. दहावीचा निकाल लागला तेव्हा वडिलांनी मला मामाच्या गॅरेजवर धाडायचं ठरवलं होतं. आबासर एसटीनं आले, पाणीही न पिता वडिलांना म्हणाले, "याचे कपडे पिशवीत भरा." वडिलांनी उठून कपडे भरले. त्याच एसटीच्या परतीच्या फेरीनं मी जळगावला गेलो. त्यांच्या घरी राहिलो, जेवलो, पदवीपर्यंत शिकलो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. ही गोष्ट आमच्या सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ आहे.

त्या गोष्टीत आई नसते. आई त्या दिवशी मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला कापूस लावायला गेली होती. संध्याकाळी घरी आली तेव्हा मी गेलेलो होतो.

आता खोलीची गोष्ट.

नोकरीमुळे मी धुळ्याला आहे. देवपूरच्या बाजूला एक प्लॉट घेतला, हळूहळू घर बांधलं. वडील ते पाहायला राहिले नाहीत. आई मात्र स्लॅबच्या दिवशी हजर होती. तिनं नारळ फोडला, मजुरांना गूळ-शेंगदाणे वाटले आणि मग गावी परत जायलाच तयार होईना. स्लॅबला पाणी कोण मारणार, म्हणाली. मी म्हटलं माणूस ठेवतो. ती म्हणाली माणूस झोपी जाईल. मग रोज सकाळ-संध्याकाळ नळी घेऊन ती वर चढायची, मातीची आळी करून पाणी साठवायची, उन्हानं सुकलं की पुन्हा भरायची. शेजारचे म्हणायचे की एवढी काळजी लोक नातवंडाची घेत नाहीत. स्लॅब पक्का झाल्यावर, खालून आधार देणाऱ्या सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा काढल्या तेव्हा ती आत आली आणि मान वर करून बराच वेळ उभी राहिली. त्या करड्या सिमेंटवर प्लेटांच्या चौकोनी रेघा उमटल्या होत्या.

नंतर गावी ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि घराचं रंगकाम अर्धं असतानाच आम्ही तिला धुळ्याला आणलं. मागची खोली तिला दिली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाठीवरच झोपवा, दोन पायांत उशी ठेवा, कुशीवर वळू देऊ नका. पुन्हा चालेल का, हे ते नीट सांगत नव्हते. म्हणजे आईला दिवसभर एकच गोष्ट दिसणार होती: छत. त्या छताला अजून रंग नव्हता.

त्याचा रंग तिनंच ठरवावा असं मला वाटलं. रंगाच्या दुकानातून मी शेड कार्ड आणलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटंपालटं पाहिलं, उशीखाली ठेवलं. मला ऑफिसच्या ट्रेनिंगला आठवडाभर नाशिकला जायचं होतं. ती म्हणाली, "तू ये, मंग सांगसू."

मी नाशिकला असताना आबासर आईला पाहायला आले. मुक्कामालाच आले. छत बिनरंगाचं दिसल्यावर त्यांना राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी पेंटर आणला, आईची कॉट पुढच्या खोलीत हलवली आणि काम सुरू केलं. पुढचं मला बायकोनं, वैशालीनं, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीआड सांगितलं.

"मी म्हटलं त्यांना, सर, हे येऊ द्या. आईंनी अजून रंग सांगितलेला नाही. तर मला म्हणाले, पोरी, चहा टाक."

"मग तू?"

"टाकला चहा. काय करणार होते? तुमचे सर ना ते."

मी परत आलो तेव्हा आई पुन्हा आपल्या खोलीत होती आणि आबासर तिच्या कॉटशेजारी खुर्ची टाकून बसले होते. चेहऱ्यावर असा आनंद की जणू शाळेचा निकाल शंभर टक्के लागला आहे.

"वर बघ," ते म्हणाले.

मी वर पाहिलं. छत निळं होतं. नुसतं निळं नाही, चकचकीत निळं. पंखा त्यात फिरताना दिसत होता. कडेकडेनं पांढरे ढगही होते. ढग कसे हवेत हेही भूगोलाच्या मास्तरांनी पेंटरला शिकवलं होतं: पावसाचे नकोत, पिंजलेल्या कापसासारखे हवेत, एका बाजूला ओढलेले. पेंटरनं स्पंजनं ते बरे जमवले होते.

आबासर सांगू लागले. पांढरं छत दवाखान्यात असतं, माणूस पांढऱ्याखाली पडला की आजारीच राहतो. या बाईनं जन्मभर मळ्यात आभाळ पाहिलं आहे, तिला चार भिंतींत कोंडलं तर ती झुरेल. म्हणून आभाळच घरात आणून दिलं. हे सांगताना त्यांचे डोळे ओलावले. खोटं नव्हतं त्यात काही. दुर्दैवानं त्यांच्या कुठल्याच गोष्टीत कधी काही खोटं नसतं.

आईच्या तोंडावर पदर होता. आमच्याकडे जुन्या बायका मोठ्या माणसांसमोर तोंडावर पदर घेतात, त्यात नवल नव्हतं. मी विचारलं, "माय, कसं वाटलं?"

"चांगलं शे," ती पदरातून म्हणाली.

"बघ," आबासर म्हणाले.

दोन दिवसांनी ते जळगावला गेले. तरी पदर निघाला नाही. जेवण भरवताना वर व्हायचा, जेवण झालं की पुन्हा खाली. आधी मला वाटलं सवयीनं घेते. मग वाटलं उजेडाचा त्रास होतो, म्हणून खिडकीला पडदा लावला. मे महिन्याचं धुळ्याचं ऊन, खोलीत पंख्याचा गरम वारा, आणि ती पदराखाली घामानं भिजलेली. वैशालीच मला म्हणाली, "आई सरांना लाजत नाहीयेत. आई वर बघत नाहीयेत."

मी कॉटवर जाऊन बसलो. आता इथे कोणी नाही, पदर काढ, असं मी आईला म्हटलं. ती म्हणाली राहू दे. मी पुन्हा म्हटलं. तिनं माझा हात धरला, पण पदर काढला नाही.

"डोया उघाडा का आभाय दिखस," ती म्हणाली. "मंग वाटस, पत्रा उडी ग्यात."

मळ्यावरच्या शेडचे पत्रे एका वैशाखात वादळानं उडाले होते. मी लहान होतो. मालकानं नवे पत्रे टाकायला पावसाळ्यापर्यंत वेळ लावला. आम्ही तोवर उघड्यावर होतो आणि आई आमच्या अंगावर गोधडी धरून बसायची. मला त्यातली गंमत आठवते, तारे वगैरे. तिला काय आठवतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

"सारं जलम आभायखाले काढं," ती म्हणाली. "तू स्लॅब टाका. माले वाटनं, आते डोकावर काहीतरी शे. त्यास्नी तेबी काढी टाकं."

मी विचारलं, तुला कोणता रंग हवा होता? तिनं उशीखालून शेड कार्ड काढून माझ्या हातात परत दिलं. त्यावर बोट ठेवायला तिला काही नव्हतंच.

"रंग कसाले? माले मना स्लॅब दिखू दे."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"त्यास्ले कसं सांगू रे? त्यास्नी तुले शिकाडं."

मला आठवत नाही की मी आयुष्यात कधी इतका संतापलो होतो. ऑफिसात गेलो तर अक्षरं दिसेनात. ज्या बाईला वळताही येत नाही तिच्या डोळ्यांसमोर तुम्ही तिची भीती रंगवून ठेवता, वर ढग काढता, आणि तिनं 'चांगलं' म्हणावं अशी व्यवस्थाही तुम्हीच वर्षांपूर्वी करून ठेवलेली असते. माझ्या शिक्षणाचा हप्ता माझी आई पदराखाली भरत होती.

रविवारी मी पहाटेच्या एसटीनं जळगावला गेलो. फोनवर बोलण्यात अर्थ नव्हता. आबासर फोनवर आपलं सांगतात आणि ठेवतात. मेहरूणला पोचलो तेव्हा ते तलावाकडे निघालेले होते. मीही बरोबर चालू लागलो. बोलायला सुरुवात करेपर्यंत त्यांनी तीन माणसांची दिशा बदलली. मी सांगितलं की आईला तो रंग सोसत नाही, तिला उघड्यावर पडल्यासारखं वाटतं, मी तो बदलणार आहे.

ते थांबलेही नाहीत. "सवय होईल," म्हणाले. "तूही सुरुवातीला माझ्याकडे रडत होतास. रात्री उशीत तोंड खुपसून. मला काय कळत नव्हतं? तेव्हा मी विचारत बसलो असतो तर तू परत गेला असतास."

खरं होतं. मी नक्की परत गेलो असतो.

मग मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा आईलाही विचारलं नव्हतं."

"तिला विचारलं असतं तर तिनं सोडलं असतं का तुला?" असं म्हणून त्यांनी समोरून येणाऱ्या एका बाईंना हात करून वळायला सांगितलं.

परतीच्या गाडीत एरंडोल गेलं, पारोळ्याचा किल्ला गेला, तरी मी मनात त्यांच्याशी भांडतच होतो आणि हरतच होतो. घरी येऊन बूट न काढता आईच्या खोलीत गेलो आणि तिला ते विचारलं, जे इतक्या वर्षांत तिला कोणीही विचारलं नव्हतं. तिनं उत्तर दिलं. ते पुढे येईल.

सोमवारी दुकानात गेलो. दुकानदार शेठ राजस्थानकडचे, पण तीन पिढ्या धुळ्यात. मी म्हटलं, निळ्या छतावर सिमेंटचा रंग पाहिजे. त्यांना वाटलं मी बाहेरच्या भिंतीचं विचारतोय. बेडरूम, म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"भाऊ, लोक सिमेंट झाकायला माझ्याकडे येतात. तुम्ही रंग झाकायला सिमेंट मागता."

"हो."

"घरात कोणी आर्किटेक्ट आहे का?"

"आई आहे," मी म्हटलं.

करडा रंग इतक्या जातींचा असतो हे मला माहीत नव्हतं. एकात निळसर झाक, एकात हिरवट, एक जिन्याखालच्या उंदरासारखा. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर ते लावून मी घरी नेले. बांधकामातला काँक्रीटचा एक कपचा मागे पडला होता, तो धुऊन आईच्या हातात दिला. तिनं पहिल्यांदा पदर स्वतःहून बाजूला केला, पण नजर वर जाऊ दिली नाही. एक एक पुठ्ठा कपच्याशेजारी धरून पाहिला. बरेच नाकारले. वैशालीला वाटलं आता सगळे सारखेच आहेत, पण आईच्या लेखी नव्हते. शेवटी एकावर हात ठेवून म्हणाली, "हाऊ." चमक नको, एवढंच आणखी सांगितलं.

पेंटर तोच होता, कारण दुसरा मिळेना. आपल्या ढगांवर खरवडायची पट्टी चालवायची म्हटल्यावर तो चिडला. इतकं मन लावून काम केलं, गुरुजी शाबास म्हणून गेले, आता त्यांना काय सांगू, असं पुटपुटत होता. मी त्याच्यावर ओरडलो. तो दुखावला. मला त्याच्यावर ओरडायचं नव्हतं, हे त्यालाही कळलं असावं, कारण दुपारी जेवल्यावर त्यानंच पुढच्या खोलीत जाऊन आईला विचारलं, "आजी, प्लेटांच्या रेघा पण मारू का?" आई म्हणाली मार. त्यानं दोरी धरून, थोड्या गडद रंगानं, स्लॅबवर होते तसे चौकोन आखले.

वास जाईपर्यंत आम्ही तिला पुढच्या खोलीत ठेवलं. मग कॉट आत नेली. आईनं वर पाहिलं. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश पाहिलं, रेघांवरून. मग म्हणाली की पंखा थोडा वाढव. ती त्या दुपारी पदर न घेता, तोंड उघडं टाकून झोपली.

आबासरांचे फोन येत होते. आभाळ कसं आहे, असं विचारायचे आणि उत्तर ऐकण्याआधी ठेवायचे. पुढच्या महिन्यात येतो असंही कळवलं. म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं. पत्राला मध्येच तोडता येत नाही. ते असं:

*तीर्थस्वरूप आबासरांना सा. न.*

*आईच्या खोलीचं छत मी बदललं आहे. ते आता सिमेंटच्या रंगाचं आहे. रंग आईनं निवडला. तुम्हाला विचारलं नाही, कारण खोली तिची आहे.*

*तुम्ही केलेलं छत चांगल्या मनानं केलं होतं हे मला माहीत आहे. त्याखाली माझी आई किती दिवस तोंड झाकून पडली होती हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगतो. ती तुम्हाला 'चांगलं शे' म्हणाली ते खोटं होतं. माझ्यासाठी ती तुमच्याशी खोटं बोलली. मला याचा फार राग आला. अजून आहे. तुमच्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही असं मला लहानपणापासून वाटत आलं, त्याचाही राग आहे.*

*तलावावर तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. आईला विचारलं असतं तर तिनं मला सोडलं असतं का? मी घरी येऊन तिला विचारलं. ती म्हणाली, "इचारं असतं, तं मीच धाडं असतं. संगे भाकर बांधी दिन्ही असती." ती त्या दिवशी संध्याकाळी भाकरी घेऊन फाट्यापर्यंत पळत आली होती, सर. गाडी गेली होती. हे मला आत्ता कळलं.*

*मी तुमचा ऋणी आहे आणि राहीन. पण ते ऋण माझं आहे. आईचं नाही, वैशालीचं नाही.*

*पुढच्या महिन्यात जरूर या. आई वाट पाहते, हे मी तिला विचारून लिहितो आहे. तुमच्यासाठी भरीत करायला सांगते आहे. फक्त आल्यावर तिच्या खोलीच्या दाराशी थांबा आणि हाक मारा. ती 'या' म्हणाली की आत या. पडून असल्यामुळे आवाज लहान झाला आहे तिचा, म्हणून थोडं थांबून ऐका.*

*आपला विद्यार्थी*